मुडद्यांच्या खेळातली बाई

उत्तमसिंग तसा वाईट बातमी सांगणाऱ्यातला माणूस नव्हता. वेळ संपली हेसुद्धा तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून हळूच सांगायचा. पण त्या गुरुवारी दुपारी बशीतला चहा फुंकता फुंकता तो सरळ बोलून मोकळा झाला. "रत्नपालभाऊ, शनिवारी मशिना नांदेडला चालल्या. सगळा लॉट दिला एकाला. इथं मोबाईलचं दुकान टाकून राहिलो मी. सायबरात कोण येते आता?" रत्नपाल नुसता 'हं' म्हणाला. पडद्यावर जिन्यावरून चार मुडदे धावत येत होते आणि त्यांना पाडल्याशिवाय त्याला कान नव्हते. चौघे पडले, बंदुकीत नव्या गोळ्या भरल्या गेल्या आणि मग ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. शनिवारी. म्हणजे परवाच. हात माऊसवर तसाच राहिला आणि कोपऱ्यातून आलेल्या पाचव्यानं त्याला खाऊन टाकलं. एरवी असं झालं की तो स्वतःशीच हसायचा. आज त्याला लहानपणी बाजारात मायचा पदर हातातून सुटला की व्हायचं तसं झालं.

बायको असलेल्या, नोकरी असलेल्या बाप्याला एका खेळापायी असं व्हावं, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. हिंगोलीचा जिल्हा होऊन सात-आठ वर्षं झाली होती, नव्या कचेऱ्या उघडल्या होत्या, त्यातल्याच एका कचेरीत रत्नपाल आवक-जावकच्या टेबलावर बसायचा. तिथं सगळं सावकाश. कागद यायचा, त्याच्यावर शिक्का पडायचा, मग तो कागद दुसऱ्या टेबलावर जाऊन निवांत झोपायचा. दुपारी लाईट गेली की पंखा फिरत फिरत थांबायचा आणि त्याच्या पात्यांवरची धूळ मोजण्याइतका वेळ माणसाला मिळायचा. एवढा वेळ चांगला नसतो. रिकाम्या वेळात माणूस नको तिथं जातो, आणि रत्नपालचं नको ते ठिकाण कनेरगाव नाक्यावरचं घर होतं, जिथं माय आता नव्हती. मागच्या पावसाळ्यात तो स्टँडामागच्या गल्लीत उत्तमसिंगच्या सायबरात कचेरीचा एक ईमेल काढायला म्हणून गेला. शेजारच्या मशीनवर कॉलेजची पोरं कल्ला करत होती. नळीची लाईट फडफडणारा दवाखाना, आतून धावत येणारे मेलेले लोक, आणि पोरं ओरडत होती, "मुडदा, मुडदा, डाव्या हाताला बघ." तो शब्द रत्नपालला अचानक कानाखाली बसल्यासारखा बसला. कारण त्याला मुडदा म्हणणारं माणूस जगात एकच होतं. "मुडद्या, हळू खाय, कोणी घेऊन चाललं का तुझं?" असं म्हणत माय त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकायची. "मुडद्या, कवा येशीन गावाकडं?" असं ती धाब्यावरच्या फोनवरून विचारायची आणि मग फोन कानाला लावून उत्तराच्या आधीच हसायची. आमच्याकडच्या बाया लेकराला मुडदा म्हणतात ते माया फार झाली म्हणून, पण हे बाहेरच्या माणसाला कसं समजावून सांगणार.

पोरं उठून गेल्यावर तो त्यांच्या जागी बसला. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मेला, दुसऱ्या दिवशी दहा. मग मात्र त्याला ते लागलं. खेळात कचेरीसारखं काही नव्हतं. पाय थांबला की संपलं, मागं बघायचं राहिलं की संपलं. मुडदे चालत नव्हते, पळत होते, भिंतीवरून उड्या घेत होते, आणि बोटं आपली आपण दाबत जायची, डोक्याला विचारतसुद्धा नव्हती. विचार करायला जागाच नाही, आणि खरं सुख तेच होतं. भीती वाटायची, पण ती स्वच्छ भीती होती. समोरून यायची, आवाज करून यायची, गोळी घातली की पडायची. कळफलकावरचं एक अक्षर तर घासून घासून पार कोरं झालं होतं. मेलं तरी काय, एक कळ दाबली की पुन्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं. आता एकदाच, असं म्हणून तो बसायचा आणि उठायचा तेव्हा मानेला रग लागलेली असायची. बाहेर आल्यावर रस्ता त्याला फार हळू वाटायचा. बैलगाडी, रिक्षा, भाजीच्या गाड्यावरच्या शेपूच्या जुड्या, सगळं कसं पाण्याखालून चाललेलं. भाजीवाली पैसे मागत असताना त्याचा अंगठा खिशात आपोआप बंदूक भरत असायचा.

आणि तिसऱ्या टप्प्यात ती यायची. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांब व्हरांडा होता, शेवटी काचेचं दार. सगळे धावणारे संपले की क्षणभर शांत व्हायचं, मग ते दार आतून ढकललं जायचं आणि एक बाई बाहेर यायची. ती एकटीच त्या अख्ख्या खेळात पळत नव्हती. अंगात मळका हिरवा झगा, केस अर्धे सुटलेले, मान एका खांद्याकडं कललेली, आणि एक पाय फरशीवरून घासत, घासत. हेडफोनमध्ये तो आवाज यायचा. घस्स. मग चांगल्या पायाचं पाऊल. मग पुन्हा घस्स. पोरांनी सांगितलं होतं की ही सगळ्यात सोपी, लांबूनच उडवायची. पहिल्यांदा रत्नपालनं बंदूक उचलली आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. माय ट्रॉलीतून पडली होती तेव्हा तो सातवीत होता. सोयाबीनच्या पोत्यांवर बसून बाया घरी येत होत्या, फाट्याजवळ ट्रॉली कलंडली. बाकीच्यांना खरचटलं, मायचा, म्हणजे केशरबाईचा, पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर तिचं मजुरीला जाणं सुटलं आणि ती नाक्यावरच्या धाब्यावर भाकरी थापायला लागली. शाळा सुटायच्या वेळेला ती फडक्यात दोन भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून रस्त्याच्या कडेनं यायची. वर्गाच्या खिडकीतून रस्ता दिसायचा नाही, पण आवाज यायचा. घस्स. आणि तो दप्तर भरायला लागायचा.

तर त्या व्हरांड्यात त्यानं गोळी घातली नाही. ती जवळ येत गेली, चेहरा मोठा होत गेला. चेहरा काही मायचा नव्हता, तो तर नुसता करपलेला होता. पण चाल तिची होती, मान टाकायची तऱ्हा तिची होती. तिनं दोन्ही हात पुढं केले, पडदा लाल झाला आणि खेळ संपला. रत्नपालनं पुन्हा सुरुवात केली. त्या दिवसापासून त्याचा खेळ असाच झाला. खालचे दोन मजले तो वाऱ्यासारखा साफ करायचा, एवढा तरबेज झाला की पोरं मागं उभी राहून बघायची, आणि व्हरांड्यात पोचला की बंदूक खाली करून उभा राहायचा. पोरं कपाळावर हात मारायची. "काका, तिला मारा की. तुमी दरवेळी तिथंच काहून मरता?" काका काय सांगणार. खालची सगळी मारामारी म्हणजे त्याच्या लेखी एसटीचा प्रवास होता, माय ज्या गावाला राहते तिथं पोचायचा.

माय जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. ताप आला, आठवडाभर राहिला आणि घेऊनच गेला. रत्नपाल उशाशी होता, पाणी पाजत होता, त्यात कुठं चुकलं असं त्याला कधी वाटलं नाही. त्याला फक्त ती हवी होती. बाप जळबा गावातला जुना कार्यकर्ता, लग्न असो की मयत, बुद्धवंदना तोच घ्यायचा. बायकोच्या मयतीलाही त्यानंच घेतली, आवाज जराही न कापता. बाया ऊर बडवून हाका मारायला लागल्या तेव्हा तो हात वर करून म्हणाला, "रडा खुशाल. पण बोलावू नका तिला. गेलेलं माणूस येत नसते." रत्नपालला त्या वेळी बापाचा अभिमान वाटला होता. जलदान विधी झाला, लोकांनी भाषणं केली, जेवणं झाली. ना पिंड, ना कावळा. आपण ते सगळं सोडलं, बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं आणि पटलेलंही होतं. पण भादव्यात पित्रांचा पंधरवडा आला आणि हिंगोलीतल्या घरमालकीण शकुंतलाबाई गच्चीवर पान ठेवून कावळ्यांना हाका मारायला लागल्या, तेव्हा तो जिन्यात उभा राहून बघत राहिला. त्याचा विश्वास बसला असं नाही. त्याला फक्त हेवा वाटला. त्यांच्या माणसांना वर्षातून एकदा यायला दिवस होता. त्याच्या मायला कोणताच नव्हता.

फोटो म्हणाल तर एकच होता, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, त्यातही चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग. नाक्यावरच्या स्टुडिओवाल्यानं त्याचा मोठा करून दिला. त्यानं डाग पुसला, गाल भरले, कपाळ उजळ केलं आणि मानेखाली तयार जरीची साडी नेसवून दिली. आयुष्यात कधी न नेसलेल्या साडीत माय आता खोलीच्या भिंतीवर बसली होती, आणि सपना तिला रोज हात जोडायची, कारण सपनानं सासू बघितली होती ती एवढीच. लग्न नंतरचं. सपना हुशार बाई, माणसाच्या चालीवरून मनातलं ओळखणारी. महिनाभर तिनं काही विचारलं नाही. मग गुरुवारी संध्याकाळी, त्याच गुरुवारी, भाकरी थापता थापता मान वर न करता ती म्हणाली, "खरं सांगा, कोण हाय ती?"

"कोण?"

"जिच्यापायी तुमी रोज उशिरा येऊन राहिले."

"तिथं नुसते मुडदे हायेत, सपना. खेळ हाय तो."

"मग मुडद्यात काहून एवढा जीव गुतला तुमचा?"

ती चेष्टेत बोलायला गेली होती, पण शेवटी तिचा आवाज भरला आणि तिनं भाकर तव्यावर जरा जोरातच टाकली. रत्नपालला वाटलं, सांगावं. सांगावं की हो, बाई आहे, रोज भेटायला जातो, आणि परवा तिला टेम्पोत घालून नांदेडला नेणार आहेत. पण सपनाला तो काय दाखवणार होता? तिला ती चाल माहीतच नव्हती. भिंतीवरची जरीच्या साडीतली बाई आणि हिरव्या झग्यातली ती, यांचा मेळ तिच्या डोळ्यांना कसा बसावा. तो गप्प जेवला. हळू जेवला. आणि त्याच्या त्या गप्प बसण्याचा सपनानं जो घ्यायचा तो अर्थ घेतला.

शुक्रवारी कचेरीत त्याला एक कागद दोनदा नोंदवावा लागला. शिक्का मारताना तो हिशेब करत होता की दुसरीकडं कुठं हा खेळ मिळेल का. गावातल्या बाकीच्या दोन सायबरांत नव्हता. ज्या पोरानं तो उत्तमसिंगच्या मशीनमध्ये टाकला होता ते पोरगं पुण्याला कंपनीत गेलं, खेळाची सीडी त्याच्याबरोबर गेली. त्यानं उत्तमसिंगला विचारलंसुद्धा की एक मशीन मला दे. उत्तमसिंग म्हणाला, "लॉटमधून एक काढला तर तो आदमी बाकीचे घेत नाही, भाऊ. जुबान दिली मी." आणि मशीन मिळालं असतं तरी घरी नेऊन ठेवायचं कुठं, सपनासमोर, त्या फोटोखाली? नाही. बस, एकदा नीट बघून घ्यायचं. यावेळी डोळ्यांत साठवायचं. फोटो चालत नाही, स्वप्नात ती येत नाही, येते ती तिथंच, आणि तिथं यायची वाट शनिवारी बंद होणार होती. संध्याकाळभर तो बाजारातून नुसता हिंडला.

शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून तो गल्लीत वळला तेव्हा सायबराचं दार सताड उघडं होतं. खुर्च्या बाहेर एकीत एक घालून रचलेल्या, भिंतींवर मशीनच्या मागं राहिलेले काळे चौकोन, जमिनीवर वायरींची गुंतवळ. कोपऱ्यातलं एक मशीन तेवढं चालू होतं, त्यापुढं उत्तमसिंगनं चहाच्या टपरीवरचं लाकडी बाकडं आणून ठेवलेलं. "तुमच्यासाठीच ठेवलं," तो म्हणाला. "टेम्पो येईस्तोवर खेळून घ्या. पैशाचं काही बोलू नका." माणूस कधी कधी उगाच चांगला वागतो. रत्नपाल बाकड्यावर बसला. हेडफोन बांधून गेले होते, तेव्हा आवाज उघड्यावरच येत होता, रिकाम्या खोलीत घुमत होता. त्यानं पहिला मजला केला. दुसऱ्यावर गेला. हात नेहमीसारखे पळत होते, तेवढ्यात दाराशी उजेड अडला आणि त्यानं मागं न बघता ओळखलं की बाप आला आहे. जळबाच्या अंगाला एसटीचा आणि विडीचा मिळून एक वास यायचा.

सपनानं धाब्यावर फोन करून बोलावलं होतं हे उघड होतं. जळबा आत आला, खांद्यावरच्या निळ्या रुमालानं मान पुसली आणि लेकाच्या शेजारी बाकड्यावर बसला. भांडायला आलेला माणूस आधी थोडा वेळ बसतो, तसा.

"घरी चल रत्ना. सपना रडून राहिली तिकडं."

"एवढं झालं की चलतो, बा."

"काय हाय हे? माणसं मारायची?"

"मेलेलेच हायेत ते. मेलेले उठून येतात, मंग त्यायला मारायचं."

"मेलेलं माणूस येत नसते," जळबा म्हणाला. सवयीनं म्हणाला, वंदनेतली ओळ म्हणावी तसा.

जिना संपला, शेवटचे तिघे पडले आणि व्हरांडा आला. नळी फडफडत होती. बाहेर टेम्पो मागं घेताना ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि उत्तमसिंग त्याला हातानं थांब म्हणत होता. रत्नपालनं बंदूक खाली केली. त्याला एकाएकी फार इच्छा झाली की बापानं बघावं, आणि फार भीती वाटली की तो बघेल. जगात ती चाल ओळखणारा आता हा एकच माणूस उरला होता. "बा," तो म्हणाला, "आता नीट बघ." दार आतून ढकललं गेलं. ती बाहेर आली. घस्स. चांगल्या पायाचं पाऊल. घस्स.

रत्नपालनं बापाकडं बघायचं धाडस केलं नाही, फक्त शेजारचा श्वास ऐकला. तो श्वास मध्येच राहिला. बाई चार पावलं पुढं आली. मग जळबा अगदी हळू, शेतात दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये असं बोलतात तसं म्हणाला, "केशरचा डावा व्हता."

"काय?"

"पाय. तिचा डावा पाय व्हता रे. ही उजवा घासून राहिली. समोरून येणाऱ्या माणसाचा आपल्या डाव्या अंगाचा पाय म्हंजे त्याचा उजवा."

रत्नपालनं पडद्याकडं बघितलं. खरंच होतं ते. त्यानं घाईनं आठवायचा प्रयत्न केला, शाळेपुढचा रस्ता, बाभळी, फडक्यातली भाकर, आणि त्या रस्त्यावरून माय येताना दिसली. ती उजवा पाय घासत आली. त्यानं डोळे मिटून तिला पुन्हा बोलावलं, पुन्हा ती उजवाच घासत आली, आणि आता तिच्या अंगात साडी होती की हिरवा झगा हेही त्याला धड सांगता येईना. वर्षभर तो इथं येऊन मायला भेटत होता असं त्याला वाटत होतं. इतके दिवस या बाईनं त्याला खाल्लं होतं ते फक्त पडद्यावर नव्हे. आत जे थोडं शिल्लक होतं तेही तिनं खाल्लं, आणि तो बंदूक खाली करून उभा राहिला होता. त्याला रडू आलं नाही, राग आला. व्हरांडा अर्धा संपला होता. त्यानं बंदूक उचलली, तिच्या कललेल्या डोक्यावर नेम धरला. इतक्या जवळून पहिलीच वेळ. चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याचं बोट दाबणार तोच जळबानं त्याचं मनगट धरलं. हात खरबरीत होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. नजर पडद्यावरून हलली नव्हती. "पायाचं काय एवढं. येऊ दे तिला."

आणि तो बाकड्यावर थोडा सरकून बसला, शेजारी एका माणसाची जागा होईल इतका.